जोडणी नेमकी कुठे अडते?



वेबसाइट बंद पडली की कार्यालयात एकच वाक्य ऐकू येतं, "डेटाबेस कनेक्ट होत नाहीये." लगेच कुणी पासवर्ड बदलतं, कुणी ड्रायव्हरची नवी जार फाइल आणून टाकतं, कुणी सर्व्हर रिस्टार्ट करतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, कशालाही हात लावण्याआधी लॉग वाचा. जावाच्या लॉगमध्ये 'कॉज्ड बाय' हे शब्द एकाखाली एक येतात. त्यातल्या सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरुवात करा. मूळ कारण बहुतेक वेळा तिथंच असतं.

टॉमकॅट हा सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, अशी जोडी धरून बोलतो. या दोघांची गाठ घालून देतो तो जेडीबीसी ड्रायव्हर. टॉमकॅटला आधी डेटाबेसची सेटिंग सापडावी लागते, मग ड्रायव्हर, मग समोरच्या मशिनचं पोर्ट, आणि शेवटी युजर-पासवर्ड. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबली, ते एररच सांगते.

एक एरर फार चकवते. 'कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास' असं म्हणून पुढे अवतरणचिन्हांत काहीच नसतं, आणि यूआरएलच्या जागी 'नल' असतं. ड्रायव्हर हा शब्द दिसला की माणसं जार फाइल बदलत बसतात. पण त्या मोकळ्या अवतरणचिन्हांकडे बघा. कुठला ड्रायव्हर हवा, हेच टॉमकॅटला कळलेलं नाही. प्रोग्रामनं मागितलेलं रिसोर्सचं नाव आणि कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं नाव जुळत नाही, किंवा ती फाइल वाचलीच गेलेली नाही. उलट क्लासचं नाव नीट दिसत असेल आणि 'क्लास नॉट फाउंड' येत असेल, तर जार फाइल तपासा. कनेक्शन पूल, म्हणजे वापरायला तयार ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, टॉमकॅट सांभाळत असेल, तर ती जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये हवी. ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये ठेवून भागत नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुधा मशिन सापडलंय, पण ३३०६ या पोर्टवर कुणी ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' आलं, तर आधी फायरवॉल बघा. 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं तर घाबरू नका, कारण तुम्ही डेटाबेसच्या दारापर्यंत पोहोचला आहात. मायएसक्यूएल युजरच्या नावाबरोबर तो कुठून आला हेही बघतं. लोकलहोस्टसाठी केलेला युजर दुसऱ्या मशिनवरून चालत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी.

आता रोज सकाळचं दुखणं. संध्याकाळी सगळं सुरळीत, आणि सकाळी जो पहिल्यांदा पान उघडेल त्याला 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर'. मायएसक्यूएलमध्ये वेट टाइमआउट मुळात २८,८०० सेकंदांचा, म्हणजे आठ तासांचा असतो. रात्रभर पडून राहिलेली कनेक्शनं डेटाबेस बंद करून टाकतो, पूलला मात्र ती चालू वाटतात. काही जण हा वेळ वाढवतात. त्यानं रोजची कटकट सुट्टीनंतरच्या सकाळवर जाते, एवढंच. पूलमध्ये 'टेस्ट ऑन बॉरो' चालू असल्याची खात्री करा, म्हणजे प्रत्येक कनेक्शन हातात देण्याआधी तपासलं जाईल.

सगळ्यात जास्त छळते ती गळती. प्रोग्राम कनेक्शन घेतो, मध्येच एक्सेप्शन येतं, क्लोजची ओळ राहून जाते, आणि ते कनेक्शन पूलमध्ये परत येत नाही. टॉमकॅटच्या नेहमीच्या पूलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल, तर एका वेळी आठच कनेक्शनं असतात. आठही अडकली की एररसुद्धा येत नाही, पान नुसतं फिरत राहतं. कारण किती वेळ थांबायचं याला मर्यादाच घातलेली नसते. रिस्टार्ट केलं की तासाभरासाठी सगळं ठीक होतं, आणि म्हणूनच खरा दोष महिनोन्महिने तसाच राहतो. 'मॅक्स टोटल', म्हणजे पूलमधल्या कनेक्शनांची ही मर्यादा, आठाची ऐंशी केली, तरी गळणारं गळतंच. त्यापेक्षा पूलला परत न आलेली कनेक्शनं काढून घ्यायला सांगा आणि 'लॉग अबँडन्ड' चालू करा. कुठल्या क्लासच्या कितव्या ओळीनं कनेक्शन घेतलं होतं, ते लॉगमध्ये उमटेल. ती ओळ 'ट्राय विथ रिसोर्सेस'मध्ये घाला. २०११ च्या जावा ७ पासून ही सोय आहे. मग एक्सेप्शन येवो न येवो, कनेक्शन बंद होऊन पूलमध्ये परत जातं.