मेमरी कार्डाचा विसर

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागातील काडू मल्लेश्वराच्या देवस्थानास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी गाव दान दिल्याचे १६६९ सालचा शिलालेख सांगतो. साडेतीनशे वर्षे ती नोंद टिकली. आज त्याच वस्तीतील एखाद्या कुटुंबाची लग्नाची छायाचित्रे, दिवंगत आजोबांचा आवाज, असे सारे नखाएवढ्या मेमरी कार्डात साठविलेले असते. आणि एके दिवशी फोन सांगतो, ‘कार्ड सदोष आहे, फॉरमॅट करा.’

ही सूचना तत्काळ पाळणे हाच खरा धोका होय. फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसणे. प्रथम फोन बंद करून कार्ड काढावे, त्याच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसाव्यात आणि ते दुसऱ्या फोनात अथवा संगणकाला जोडून पाहावे. तेथे ते वाचले गेले, तर दोष बहुधा पहिल्या फोनच्या खाचेत असतो. मात्र फोनने कार्ड आपल्या अंतर्गत साठ्यात सामील करून घेतले असेल, तर ते अन्यत्र वाचता येत नाही. कार्ड उघडताच आतील सर्व ऐवज दुसरीकडे उतरवून घ्यावा, दुरुस्ती त्यानंतर. कोठेच उघडले नाही, तर त्यावर नवे काही न लिहिता जाणकारास दाखवावे.

कार्डात माहिती सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने राहते, आणि प्रत्येक लिहिण्या-पुसण्यागणिक त्याचे कप्पे झिजतात. शिळेवरचा लेख एकटा टिकला. कार्डावरच्या आठवणींची दुसरी प्रत मात्र आधीपासूनच घरात असावयास हवी.