टाळ चुकला की शेजाऱ्याकडे बघा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात औषधसेवेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

शंभर वर्षांच्या या सोहळ्यात आपण कीर्तन ऐकायला आलात. आम्ही औषधाच्या गाडीवरची माणसं, आम्हाला निरूपण येत नाही. आमचा विषय एकच : उन्हात चालणारा देह. पण दिंडी देहानेच चालते, म्हणून हे चार शब्द ऐकून घ्यावेत ही विनंती.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. खेळाडूंच्या आरोग्याचा अभ्यास करणारे डॉक्टर याला सलग अनेक दिवसांचा श्रम म्हणतात आणि अशा श्रमाला आधी तयारी लागते असं सांगतात. आपल्याकडे मात्र सत्तरीची आजी पेरणीची कामं टाकून येते आणि पहिल्या दिवसापासून चालू लागते. तिची श्रद्धा मोठी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ऊन श्रद्धा बघून कमी-जास्त होत नाही.

आधी हे समजून घेऊ की ऊन माणसाला मारतं कसं. आपलं अंग आतून साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. चालताना स्नायू जी शक्ती वापरतात, तिचा बराच मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. ती बाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम निथळून रस्त्यावर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून पाऊस तोंडावर आलाय, वारा पडलाय, उकाड्याने जीव नकोसा झालाय, असा दिवस कोरड्या उन्हापेक्षाही वाईट ठरू शकतो. त्यात दाट गर्दीत वारा लागत नाही. सर थांबल्यावरही अंगावर प्लास्टिकचा कागद तसाच ठेवला तर घाम आत कोंडतो. सर थांबली की कागद काढा. आपलं पांढरं सुती धोतर, सदरा, लुगडं आणि डोक्यावरची टोपी-फेटा हा या वाटेसाठी उत्तम पोशाख आहे.

आता कोणी म्हणेल, वारी तर पावसाळ्यात असते, ऊन कुठलं? जरा पंचांग बघा. २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता, आषाढी आली २३ जुलैला. २०२३ साली अधिक मास आषाढीनंतर आला, म्हणून माउलींचं प्रस्थान ११ जूनला आणि आषाढी २९ जूनला झाली. त्या साली पाऊसही लांबला होता, वाटेचा मोठा भाग कोरड्या उन्हात चालावा लागला. म्हणजे आषाढी लवकर येणार हे पंचांग वर्षभर आधी सांगत असतं. अशा वर्षी दिंडीने पाण्याची आणि सावलीची तयारी दुप्पट करायला हवी.

आणखी एक गोष्ट. पुणे ते सासवड हा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा, वाटेत दिवे घाट, आणि तिथी ज्येष्ठ वद्य एकादशी. वारीतली ही मोठी चाल, चढ आणि उपवास एकाच दिवशी. तेही प्रस्थानानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा देह उन्हाला सरावलेला नसतो. देहाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. शेतात राबणाऱ्याला ती असते, पण दुकानात, कचेरीत, घरात बसणाऱ्याला नसते. म्हणून प्रस्थानाच्या दोन आठवडे आधीपासून रोज थोडं उन्हात चाला. आधी अर्धा तास, मग वाढवत एक-दीड तास.

उन्हापुढे जवान आणि पैलवानही टिकत नाहीत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरणाबांड धावपटू मॅरेथॉन धावताना उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर दहाहून अधिक माणसं उन्हाने गेली. ती तर चालतही नव्हती, भक्तीने बसली होती. जून २०२४ मध्ये मक्केच्या यात्रेत तापमान ५० अंशांवर गेलं आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक नोंदणी न करता आलेले होते. त्यांना निवारा नव्हता आणि ते लांबवर उन्हात चालले होते. यात आपल्याला एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जो व्यवस्थेच्या बाहेर एकटा चालतो, त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. दिंडीत चालणाऱ्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक शेजारी असतो. हे आपलं सगळ्यात मोठं औषध आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

तो शेजारी ओळखणार काय? उन्हाचा त्रास दोन पायऱ्यांनी येतो. पहिली पायरी : पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, अंग गळून जातं. पण माणूस शुद्धीत असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, वारा घाला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे चालायचं नाही.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. त्याची खूण डोक्यात दिसते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, ओळखीच्याला ओळखत नाही, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. टाळकऱ्याचा टाळ चुकायला लागला, रोजचा पाठ अभंग तोंडात अडखळायला लागला, पावली भलतीकडेच पडायला लागली, तर त्याला हसू नका. लगेच विचारा : माउली, गाव कुठलं तुमचं? आज मुक्काम कुठे? उत्तर चुकलं की समजा वेळ थोडा आहे. अजून घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं कधीच धरून चालू नका. चालताना होणाऱ्या उष्माघातात घाम येत असतो. काखेत लावलेला थर्मामीटरही फसवतो. त्यावर आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नका.

अशा वेळी नियम एकच : आधी गार करा, मग हलवा. अर्ध्या तासाच्या आत अंग गार झालं तर माणूस वाचण्याची आशा मोठी असते. उशीर होईल तसं मेंदू, यकृत, मूत्रपिंड निकामी होत जातं. गर्दीतून गाडी निघून दवाखान्यात पोचेपर्यंत हा अर्धा तास रस्त्यातच संपतो. अमेरिकेत फालमाउथ नावाच्या गावी ऑगस्टमध्ये धावण्याची शर्यत असते. तिथे १८ वर्षांत २७४ जणांना उष्माघात झाला. प्रत्येकाला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि त्यातला एकही दगावला नाही.

आपल्याकडे टब नाही, पण ताडपत्री प्रत्येक दिंडीच्या ट्रकमध्ये आहे. माणसाला सावलीत ताडपत्रीवर झोपवा. चार-सहा जणांनी कडा उचलून धरल्या की गुरांच्या पाण्याच्या डोणीसारखा आकार होतो. त्यात टँकरचं पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता, पाणी हलवत राहा. एकाने डोकं वर धरून ठेवायचं, नाका-तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही. साधारण १५ ते २० मिनिटं, किंवा तो ताळ्यावर येऊन कुडकुडायला लागेपर्यंत. ताडपत्री नसेल तर टँकरचा नळ अंगावर सोडा, ओलं धोतर पांघरा, ते सारखं भिजवा आणि जोराने वारा घाला. हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, काहीही घालू नका. तापाची गोळी इथे चालत नाही, कारण हा ताप तसा नव्हेच.

आता पाण्याबद्दल. कमी पिणं वाईट, तसं नुसतं साधं पाणी भरमसाट पिणंही वाईट. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर शंभरात तेरा जणांच्या रक्तातलं मीठ घटलेलं निघालं. त्याचं मुख्य कारण, अंगातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी प्यायलेले लोक. तेव्हा तहान लागेल तसं प्या आणि बरोबर मीठही पोटात जाऊ द्या. मीठ घातलेलं ताक, पिठलं-भाकरी, लिंबाचं सरबत, सगळं चालेल. घरचं पाणी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. एकादशीला सैंधव घाला. निर्जळ एकादशी दिवे घाटात करू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो.

आमच्या माउलींची अडचण वेगळी आहे. आडोसा मिळत नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी गडद पिवळी होते, जळजळ होते, चक्कर येते, तरी डोईवरची तुळस खाली ठेवत नाहीत. याला उपदेश उपयोगाचा नाही, आडोसा उपयोगाचा. प्रत्येक विसाव्याला बायकांसाठी आडोसा आणि फिरतं शौचालय कुठे आहे, हे दिंडीने आदल्या रात्रीच सांगितलं पाहिजे.

गोळ्यांचंही तसंच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर प्रस्थानाआधी आपल्या डॉक्टरांना विचारा की उन्हात आणि उपवासाला काय करायचं. आपल्या मनाने बंदही करू नका. साखर घटली तरी माणूस उष्माघातासारखाच बरळतो. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर आधी साखर द्या, आणि अंगही गार करा. पाय दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका. पाणी कमी असलेल्या देहात त्या मूत्रपिंडाला इजा करतात. रिंगणात आणि वेळापूरच्या धाव्याला छातीत दाब आला, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, तर धावणं तिथेच थांबवा आणि गाडी बोलवा.

माउली, हे सगळं कळलं तरी माणूस थांबत नाही, हा आमच्या गाडीवरचा नेहमीचा अनुभव आहे. त्याला वाटतं, एक टप्पा ट्रकमध्ये बसलो तर वारी मोडली. शेजाऱ्याला वाटतं, आपण बोललो तर त्याच्या नेमात विघ्न आणलं. आणि कोणी गेलंच तर आपण म्हणतो, वाटेवर देह पडला, सोनं झालं. ही भावना आम्हीही मानतो. ज्याचा काळ भरला त्याला वाटेवर मरण आलं, तर ते भाग्यच. पण टँकर वीस पावलांवर उभा असताना, ताडपत्री ट्रकमध्ये घडी करून पडलेली असताना गेलेल्या माणसाला भाग्यवान म्हणायचं का, याचा विचार व्हावा. त्याच्या घरी पंढरीच्या बुक्क्याची आणि चुरमुऱ्यांची वाट पाहणारी माणसं असतात.

आणि थांबणं आपल्याला परकं आहे का? चोपदारांनी चोप वर केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा समाज, अधेमधे विसावे, असं थांबत थांबतच आपण पंढरीला पोचतो. खेळाडूंचे डॉक्टर उन्हात श्रम आणि विश्रांतीचे टप्पे आखायला सांगतात. आपल्या जुन्या माणसांनी ते पायांनी चालून बसवलेले आहेत. विसावा हा वारीचाच भाग आहे. तो पालखीला आहे, तसा आजारी वारकऱ्यालाही असावा.

म्हणून दुसऱ्या शंभरीच्या सुरुवातीला आमचं मागणं चार गोष्टींचं आहे. एक, ओळीत दोघांदोघांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवावं. दोन, प्रत्येकाच्या गळ्यात नाव, गाव, घरचा फोन आणि आजार-औषध लिहिलेली चिठ्ठी असावी. तीन, एक ताडपत्री आणि बर्फाची पेटी नेहमी हाताशी राहील अशी ठेवावी, तिच्यावर सामान टाकू नये. चार, आणि हे सगळ्यात मोठं : वीणेकरी महाराजांनी प्रस्थानाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, आपल्या तोंडून सांगावं की देहाने साथ सोडली म्हणून एक टप्पा गाडीत बसलेल्याची वारी मोडत नाही. आमच्या गोळ्यांना जे जमत नाही, ते महाराजांच्या त्या एका वाक्याने होईल.

राम कृष्ण हरी!