बिश्केकहून एटापल्लीला



परवा ब्रह्मपुरीकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. दुखणंखुपणं काही नव्हतं. मुलगा किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून डॉक्टर होऊन आलेला. त्यापायी दोन एकर धानाची बांधी गेलेली. म्हणाले, ‘‘साहेब, आता पोराच्या एम.डी.चं कसं जमते?’’

एम.डी. अजून लांब आहे. परदेशी पदवीवाल्यांना २००२पासून चाळणी परीक्षा आहे. ३००पैकी १५० गुण लागतात. चार-पाच जणांत जेमतेम एक सुटतो. मग इथली इंटर्नशिप, मग नीट-पीजी. अखिल भारतीय कोट्याच्या जागांसाठी तिथं बिश्केकचा आणि नागपूर मेडिकलचा मुलगा एकाच यादीत. हवी ती ब्रांच हुकली, की पोरं पुन्हा क्लासच्या गावी खोली घेऊन वर्ष काढतात.

मी त्यांना राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविकेबद्दल सांगितलं. भूल, बालरोग, प्रसूती, फॅमिली मेडिसिन. प्रवेश नीट-पीजीतूनच, पण शिक्षण जिल्हा रुग्णालयातही होऊ शकतं. लग्नाच्या बाजारात पदविकेला भाव कमी, हे मलाही ठाऊक आहे. पण सिकलसेलचं मूल, मेंदूत गेलेला हिवताप, रात्री मण्यार चावलेला गडी, पर्लकोटा नदीला पूर आल्यावर पलीकडे अडकलेली बाळंतीण, हे सारं शिकायचं तर गडचिरोलीच गाठावी लागते. एम.डी. करणाऱ्यांनाही आता तीन महिने जिल्ह्यात धाडतात. तीन महिन्यांत मुलांना रस्ते कळतात, इतकंच.

चंद्रपूरला २०१५मध्ये आणि गडचिरोलीला २०२४मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याआधीही शिकलेली माणसं इथं आलीच. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट टाकून १९७३मध्ये हेमलकशाला गेले. अभय आणि राणी बंग अमेरिकेत शिकून गडचिरोलीत आले. घरच्या घरी नवजात बाळ जपण्याची त्यांची पद्धत पुढे देशानं उचलली.

मी शेतकऱ्याला विचारलं, ‘‘पोराला रशियन येते?’’

‘‘येते ना. तिथं पेशंटशी तेच बोलावं लागे.’’

‘‘मग गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची माडिया बोली सहा महिन्यांत येईल.’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘एटापल्लीले क्वार्टर भेटते का, साहेब?’’