टपालातून आलेली अंडी

झाबुआच्या डोंगराळ मुलुखातील कडकनाथ कोंबडीचे नाव आज दूरवर पोहोचले आहे. तिच्या काळ्या मांसाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. इंदूर-बडोद्याकडील एखाद्या हौशी गृहस्थाला परसात चार-सहा कडकनाथ असावेत असे वाटले, तर जिवंत पक्षी आणण्यापेक्षा डझनभर उबवणीची अंडी पार्सलाने मागवणे त्याला सोयीचे वाटते. कडकनाथ मादी अंड्यांवर बसण्यात फारशी तत्पर नसते. तिच्या मूळ प्रदेशातही तिची अंडी बहुधा दुसऱ्या एखाद्या खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवतात. शहरात खुडूक कोंबडी कोठून मिळणार? तिची जागा विजेवर चालणारी लहानशी उबवणीपेटी घेते.

खोके दारात आले की घरात लगबग उडते. पेटी आधीपासून तापवून ठेवलेली असते. मुले भोवती जमतात आणि अंडी खोक्यातून थेट उबेत जातात. पुष्कळदा पहिला घात होतो तो येथेच.

बाहेर पडलेले सफळ अंडे हे काही निर्जीव बीज नव्हे. बलकावरच्या इवल्याशा चकतीत हजारो पेशी तयार झालेल्या असतात. सुमारे २० अंशांखालच्या थंडाव्यात त्यांची वाढ थबकते, आणि या थबकण्यामुळेच अंड्याला प्रवास सोसतो. परंतु वैशाखात बंद गाडीत खोके दिवसभर तापले, तर वाढ अर्धवट सुरू होते, नीट होत नाही, आणि जीव दुबळा होतो किंवा मरतो. म्हणून अंडी मागवावीत ती मार्गशीर्ष-पौषात, आणि तीही घातल्यापासून आठवड्याच्या आत हाती पडतील अशा बेताने. हौसेला ऋतू नसतो, अंड्याला असतो.

दुसरी इजा हादऱ्यांची. अंड्याच्या रुंद टोकाशी आतल्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी असते. पिलू बाहेर येण्यापूर्वी आपला पहिला श्वास याच हवेत घेते. गाडीच्या धक्क्यांनी पापुद्रा सुटला, की पोकळी जागा सोडते आणि अंडे फिरवावे तसा हवेचा बुडबुडा हलत राहतो. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे विजेरी धरली की हा प्रकार स्पष्ट दिसतो. अशा अंड्याला एकच औषध, ते म्हणजे विश्रांती. निमुळते टोक खाली ठेवून, खोलीच्या साध्या हवेत, किमान २४ तास त्याला हात लावू नये. पोकळी फारच सैल झाली असेल, तर उबेत ठेवल्यावरही पहिले काही दिवस अंडे उभेच ठेवून फिरवणे लांबवतात. थंडगार अंडे एकदम दमट उबेत गेले तर कवचाला घाम सुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. तोही धोका या विसाव्याने टळतो. अंडी धुण्याचा मोह मात्र टाळावा. कवचावरचे नैसर्गिक संरक्षक लेपण त्याने निघून जाते.

पुढचे २१ दिवस त्या मानाने सरळ असतात. पंखा असलेल्या पेटीत साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब असावी. पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याशी ती अंशभर अधिक लागते. अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावीत, १८ व्या दिवशी फिरवणे थांबवावे आणि हवेतील दमटपणा वाढवावा. घटकाभर वीज गेल्याने सर्वनाश होत नाही. पेटीचे झाकण वारंवार उघडून पाहणाऱ्या उत्सुक हातांनी अधिक नुकसान होते. कवचाला पहिली चीर पडल्यावर पिलाला बाहेर यायला १२ ते २४ तासही लागतात. त्या वेळी कणव येऊन कवच सोलू नये, कारण पापुद्र्यातील रक्तवाहिन्या अजून चालू असतात. जन्माला येताना पिलाने उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस दाणा नसला तरी ते तग धरते. याच आधारावर अमेरिकेच्या टपालखात्याने १९१८ पासून एक दिवसाची पिले पाठवण्यास मुभा दिली.

प्रवास करून आलेल्या अंड्यांतून अर्धी पिले निघाली तरी पुष्कळ समजावे. उरलेल्या अंड्यांवरून तंटे होतात. ‘सफळ अंडी दिलीच नाहीत,’ असे घेणारा म्हणतो. देणारा पेटीला दोष देतो. सातव्या दिवशी विजेरीसमोर स्वच्छ दिसलेले अंडे निष्फळच होते, असे मानण्याची घाई करू नये, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेला जीवही तसाच दिसतो. न उबलेली अंडी २३ व्या दिवशी फेकण्यापूर्वी घराबाहेर फोडून पाहावीत. बलकावर बारीक, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर नराचा संयोगच झाला नव्हता आणि तक्रार देणाऱ्याकडे करावी. वर्तुळासारखी चकती किंवा रक्ताचे कडे दिसले तर जीव होता, पण लवकर गेला. उन्हाचा, हादऱ्यांचा किंवा शिळ्या अंड्याचा संशय घ्यावा. पूर्ण वाढलेले पिलू पिसांसह आत मेलेले आढळले, तर पार्सलाला दोष देण्याआधी पेटीतला उष्णतामापक आणि पाण्याची वाटी तपासावी.