अपघात कमी, मयत जास्त
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि विजेचे बिल बाजूला ठेवून आज आम्ही रस्त्यावरच्या मरणाचा हिशेब मांडणार आहोत. काहींना वाटेल, हा आरटीओचा विषय, इथे कशाला? आकडे ऐका, मग ठरवा.

२०१८ साली महाराष्ट्रात ३५,७१७ अपघात नोंदले गेले. त्यांत १३,२६१ माणसे मेली. २०२० साली टाळेबंदीत गाड्या उभ्या होत्या, तरी ११,५६९ मेली. २०२२ साली अपघात ३३,३८३, म्हणजे २०१८ पेक्षा दोन हजारांहून अधिक कमी. मयत मात्र १५,२२४! शंभर अपघातांमागे ३७ मरत होते, ते ४५ च्या वर गेले. त्याच वर्षी तामिळनाडूत अपघात ६४,१०५, आपल्या जवळजवळ दुप्पट. पण शंभरामागे मयत २८.

यात एक मेख आहे. किरकोळ धडक आपल्याकडे ठाण्यापर्यंत जात नाही, चहाच्या टपरीवर मिटते. नोंद कमी झाली की हे प्रमाण फुगते. पण मयत लपवता येत नाही. चार वर्षांत मयतच दोन हजारांच्या आसपास वाढले, त्याचे काय?

आणि मरतो कोण? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. शंभरातली ६८ ग्रामीण भागात. शंभरातली ४४ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेली पन्नास हजार. म्हणजे बाजाराला गेलेला, बियाणे आणायला गेलेला, घरातला कमावता गडी. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले, तेव्हा मंत्री धावून आले. फाट्यावर रोज एकेक जण मरतो, त्याची बातमी दोन ओळींची.

सरकारी कागद म्हणतो, शंभरातले ७१ मयत अतिवेगामुळे. असेलही. पण पंचनाम्यात वेग लिहिणे सोपे असते. रस्त्याची कड खचलेली होती, फाट्यावर दिवा नव्हता, हे लिहिले तर कोणत्या तरी खात्याला जाब द्यावा लागतो.

आता आपलेही बोलू. दिवा नाही, मागे लाल पट्टी नाही, अशी कापसाची ट्रॉली रात्री जिनिंगच्या रस्त्यावर कोण उभी करतो? ज्वारीची कणसे आयत्या मळणीसाठी डांबरी रस्त्यावर कोण पसरतो, आणि कडेला दगड लावून ठेवतो? आपणच. त्या दगडावर आदळणारा पोरगाही बहुतेक शेजारच्याच गावचा असतो.

वेचणीच्या बाया ट्रॉलीत बसवून नेतो, तिथे तर पूर्ण शेती पणाला लागते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या कागदावर जागा एकट्या चालकाची. ट्रॉली उलटली तर ट्रॉलीतल्यांसाठी विमा कंपनी कोर्टात हात वर करते. कोर्टाने तिला आधी भरायला लावले तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळते. विमा संपलेल्या मोटारसायकलने कुणी दगावला तरी तेच. मोटार वाहन कायद्याचे कलम १७४ म्हणते, ही वसुली कलेक्टरने जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करावी. बँकेचे कर्ज एकदाचे माफ होईल, हे होणार नाही.

उलट बाजूने, आपला माणूस गेला तर हक्क कोणते? अज्ञात वाहनाने उडवले तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्यावर कोर्टात वाद आहेत, पण तेराव्यानंतर लगेच कागदाला लागावे. खातेदार किंवा घरातला एक सदस्य गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. मुंडे स्वतः ३ जून २०१४ ला दिल्लीत मोटार अपघातातच गेले. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, ते संरक्षण कलम १३४-अ मध्ये आहे. तेव्हा बघत उभे राहू नका, १०८ लावा. मे २०२५ पासून जखमीला ठरलेल्या इस्पितळात सात दिवस, दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार मिळण्याची योजना लागू आहे. इस्पितळवाल्याने आधी अनामत मागितली तर हे सांगा.

आता आमची मागणी. राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर जखमेचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की ते अपघातप्रवण ठिकाण ठरते. त्याची दुरुस्ती करणे रस्त्याच्या मालकाचे काम. आपल्या फाट्यांचा हा हिशेब कुणी मांडलेला नाही. म्हणून प्रत्येक गावाने आपल्या फाट्यावरचे तीन वर्षांतले मयत आणि गंभीर जखमी, तारखेसह आणि ठाण्याच्या गुन्हा क्रमांकासह लिहून आणावेत. मंडपाच्या दाराशी तालुकावार वह्या ठेवल्या आहेत. ज्यांना आत्ताच माहिती देता येईल त्यांनी जाताना लिहून द्यावी. बाकीच्यांनी पुढच्या बैठकीला आणावी. त्या वह्या घेऊन आम्ही कलेक्टर कचेरीवर जाणार आहोत.