जमिनीखालचा गॅस आणि ५०० रुपये

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याऐवजी भलताच विषय निघाला. गावात एक माणूस फिरून गेला होता. म्हणे, जुन्या टेपा पुन्हा तपासल्या, तुमच्या धानाच्या बांध्यांखाली गॅस निघाला, ५०० रुपये भरा अन् सातबारा नोंदवा. आमच्यातल्या चौघींनी भरले. एकीने तर कर्जाच्या हप्त्यातले. पावती कुणाकडेच नाही.

आम्ही चौकशी केली. टेपांची गोष्ट खोटी नाही. तेल-गॅस शोधणारे जमिनीत लहान स्फोट करतात किंवा जड ट्रकने जमीन हादरवतात. हादरा खाली जातो, खडकांच्या थरांवर आपटून परत येतो, आणि वर तारेला जोडलेली छोटी यंत्रं तो टिपून घेतात. अशा नोंदी चाळीस-चाळीस वर्षं पडून असतात. तेव्हाचे संगणक दुबळे होते. आता त्याच नोंदी पुन्हा पाखडल्या की पूर्वी न दिसलेले थर दिसतात. धान नाही का आपण दुसऱ्यांदा सुपात घेत? पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! खाली जे नाही ते संगणक आणून देत नाही.

हा गॅस शेल नावाच्या खडकात अडकलेला असतो. शेल म्हणजे दाबला गेलेला जुना चिखल. २०११ साली ओएनजीसीला तो पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ, कोळशाच्या पट्ट्यात सापडला. आपल्या विदर्भात कोळसा चंद्रपूर, वणी, कामठीकडे. आपल्या जिल्ह्यात मात्र चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत दिसतो तसला, कोट्यवधी वर्षांपूर्वी उष्णतेने भाजून निघालेला खडक. करपलेल्या भाकरीत ओल शोधावी, तसंच ते. (आमचा भूगोल बीएपुरताच, म्हणून हे कॉलेजच्या सरांकडून दोनदा समजून घेतलं.)

आणि गॅस असता तरी शोधायचा परवाना कंपनी सरकारकडून घेते. शेतकऱ्याने फी भरायची नसते. उलट जमीन वापरली तर मोबदला शेतकऱ्याला मिळतो. शिवाय शेल फोडायला पाणी फार लागतं, तेव्हा खरंच कुणी आलं तर तलावाचं पाणी किती नेणार, हे आधी ग्रामसभेत विचारा.

चौघींचा अर्ज आम्ही पोलीस ठाण्यात दिला आहे. त्या ताईचा हप्ता गटाने एक महिना पुढे ढकलला. त्या माणसाचा मोबाईल अजून बंदच लागतो.