‘कामाची बाई’

(शेलूबाजार येथे शेतमजूर बायांच्या मेळाव्यात ३ नोव्हेंबरला केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी लागली. अशा दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही इथं आलात. तेव्हा लांबण लावत नाही. आज ३ नोव्हेंबर. १९४३ साली याच तारखेला युरोपातल्या पोलंड देशात जे घडलं, ते सांगायला मी उभी आहे. पोलंडचं आपल्याला काय, असं तुमच्या मनात येईल. समाजकार्याचं शिक्षण घेताना मलाही तसंच वाटलं होतं. पुढं गावोगाव फिरताना एक वाक्य इतक्यांदा कानावर पडलं, की मी ती हकिगत पुन्हा शोधून वाचली. ते वाक्य शेवटी सांगते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीनं पोलंडवर कब्जा केला. तिथल्या ज्यू लोकांना घरादारातून काढून शहरांच्या एकेका भागात कोंडलं. वॉर्सा शहरातल्या अशा वस्तीला तर चारी बाजूंनी भिंत घातली. १९४२ च्या उन्हाळ्यात या एका वस्तीतून अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेली आणि विषारी वायूनं मारली. मागं राहिली ती बहुतेक कारखान्यांत कामाला असलेली. हातात कामाचा कागद असेल तर जीव वाचेल, अशी लोकांची समजूत होती. म्हणून जो तो कागद मिळवायला धावत होता. म्हातारे, आजारी, लहान लेकरं यांना असा कागद कोण देणार?

या कारखान्यांत एक होता ट्योबेन्स नावाच्या जर्मन मालकाचा. तिथं हजारो ज्यू बायका-पुरुष जर्मन सैन्याचे कपडे शिवायचे. मार्च १९४३ मध्ये या मालकानं वस्तीत पत्रकं लावली. कारखाना लुब्लिनकडे हलतोय, तिकडे चला, काम मिळेल, सुखरूप राहाल, असं त्यात होतं. वस्तीतल्या तरुण-तरुणींची एक लढाऊ संघटना होती. तिनं सांगितलं, यावर विश्वास ठेवू नका, ही मरणाची वाट आहे. एप्रिलमध्ये वस्तीनं उठाव केला. तो चिरडला गेला, आणि उरलेल्यांतले हजारो कामगार पोनियातोवा आणि त्राव्‌निकी या छावण्यांत पोचवले गेले. काहींची लेकरंही बरोबर होती. तिथं पुन्हा शिलाईची यंत्रं सुरू झाली. दिवसभर शिवायचं, पोटाला जेमतेम, मजुरीचं नाव नाही.

१४ ऑक्टोबर १९४३ ला त्याच भागातल्या सोबिबोर छावणीतल्या कैद्यांनी बंड केलं आणि बरेच जण पळाले. हिटलरचा पोलीसप्रमुख हिमलर याला धास्ती बसली. उरलेल्या सगळ्या ज्यू मजुरांना संपवायचा हुकूम त्यानं सोडला. माय्‌दानेक, त्राव्‌निकी आणि पोनियातोवा इथं नागमोडी खंदक खणले गेले. विमानहल्ल्यापासून बचावाचे आहेत, असं सांगितलं.

३ नोव्हेंबरच्या सकाळी माय्‌दानेक आणि त्राव्‌निकीला माणसांना कपडे उतरवायला लावून खंदकात उतरवलं आणि गोळ्या घातल्या. बंदुकांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून कर्ण्यांवरून मोठ्यानं गाणी लावली होती. एकट्या माय्‌दानेकला त्या एका दिवसात सुमारे १८,००० माणसं मारली. दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला, पोनियातोवाची पाळी. दोन दिवसांत सगळे मिळून ४२ ते ४३ हजार.

जर्मन अधिकाऱ्यांनी या कत्तलीला एक गुप्त नाव दिलं होतं. त्याचा अर्थ होतो ‘सुगीचा सण’.

बायांनो, सुगी काय असते हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? वर्षभर राबून खळ्यावर रास पडते तो दिवस. तो शब्द त्यांनी माणसं कापायला वापरला. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

माय्‌दानेकला सुमारे ३०० बायांना त्या दिवशी जिवंत ठेवलं. कशासाठी? मेलेल्यांचे कपडे निवडून लावायला. ते काम संपलं, आणि पुढं त्यांनाही आउश्वित्झला नेऊन मारलं. पोनियातोवाला एका बराकीतल्या कैद्यांनी प्रतिकार केला, तर ती बराकच पेटवून दिली. तिथल्या खंदकातून मोजक्या बाया प्रेतांखालून जिवंत निघाल्या. लुडविका फिशर त्यांतली एक. तिनं आपली साक्ष लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला त्या दिवसाबद्दल बोलता येतं.

आणखी एक गोष्ट लपवणार नाही. माय्‌दानेकच्या पहारेकऱ्यांत बायाही होत्या. हेर्मिने ब्राउनश्टायनर ही त्यांतली एक. युद्धानंतर ती न्यूयॉर्कमध्ये संसार करत राहिली. १९७३ साली तिला जर्मनीत परत आणलं आणि १९८१ साली जन्मठेप झाली. बाई आहे म्हणजे मायाळूच असेल, असं आपण धरून चालू नये. सत्तेच्या बाजूला उभं राहिलं की बाईचा हातही उठतो. सासूसुनेच्या घरात हे आपण पाहतोच.

ज्यू म्हणजे कोणी लांबचे, असंही समजू नका. कोकणात शेकडो वर्षं ज्यू राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ते मराठीच बोलत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात हजारो बायांची बाळंतपणं सांभाळणाऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड याच समाजातल्या. इथं त्यांच्यावर कोणी हात उचलला नाही, याचा अभिमान जरूर धरावा. पण आपल्याकडे माणसाला जन्मावरून वेगळं काढणं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

आता ते वाक्य. याच भागातल्या एका बाईची तीन बोटं मळणी यंत्रात गेली. मुकादमानं तिला टोळीतून काढलं. घरात बोलणं सुरू झालं, ‘आता ही काय कामाची?’ मी भेटायला गेले तर ती रडत म्हणाली, ‘ताई, एका हातानं बी मी समदं करतो. त्यायले सांगा, मी अजून कामाची हावो.’

मीही तेच सांगितलं. तिच्या सासरच्यांना पटवलं, की ही स्वयंपाक करते, लेकरं सांभाळते, शेळ्या पाहते. तिला घरात ठेवलं. मला वाटलं, मी मोठं काम केलं. नंतर पोनियातोवाची हकिगत वाचली आणि माझीच मला लाज वाटली. कारण उद्या तिचा दुसरा हात गेला, तर मी काय सांगणार होते?

तिचं दुःख आणि ती कत्तल मी एका तराजूत घालत नाही. तसं करणं दोन्हीकडे अन्याय होईल. पण त्या मजुरांकडून एक गोष्ट शिकायला हवी. ते चांगलं शिवत होते. सैन्याला कपडे हवे होते. मालकाला नफा हवा होता. तरीही ते वाचले नाहीत. ज्यानं आपल्याला माणूस मानायचंच नाही असं ठरवलं, त्याला आपण कितीही काम करून दाखवलं तरी तो फक्त मुदत वाढवतो. मुदत म्हणजे हक्क नव्हे.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या आणि पुरुषांच्या लढ्यामुळं. कामाचा हक्क आपण सोडायचा नाही, पुऱ्या मजुरीचा तर नाहीच. पण घरातली जागा, रेशनकार्डावरचं नाव, जमिनीतला वाटा, ताटातली भाकर, हे ती किती राबते यावर ठरत नाही. म्हातारीला, अंथरुणाला खिळलेलीला, मूल न झालेलीलाही ते तितकंच आहे.

म्हणून दोन गोष्टी मागते. गटाच्या पुढच्या बैठकीत, आपल्या गावात ‘बिनकामाची’ म्हणून टाकलेल्या बाया कोण, त्यांची नावं घेऊन या. आपण त्यांच्या घरी जाऊ. आणि उद्या बाजारात कोणी एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल ‘हे लोक नसते तर बरं झालं असतं’ असं बोललं, तर मान खाली घालून पुढं जाऊ नका. निदान एवढं विचारा, ‘का हो, त्यांनी कुठं जावं?’

ती बाई आज इथं बसली आहे. तिचं नाव घेणार नाही. तिची परवानगी घेऊनच हे सांगितलं. तिला एवढंच म्हणते, बाई, तुझी बाजू मी तेव्हा चुकीची मांडली. पुन्हा मांडायची वेळ आली, तर तू काय काय करतेस याची यादी मी वाचणार नाही.